न कळकणारे दूध : पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील बालयकृत-संशोधनाचा इतिहास

तुळजापूर परिसरातील वैद्यक व्यावसायिकांच्या या स्मरणिकेसाठी एखाद्या संस्थेचा इतिहास लिहून द्यावा, अशी सूचना संपादकांकडून आली, तेव्हा बालाघाटाच्या या पठारावरील कोणत्याही संस्थेचे नाव न घेता पुण्याच्या रास्ता पेठेतील के.ई.एम. रुग्णालयाचे नाव मी पुढे केले, याचे काही वाचकांस नवल वाटण्याचा संभव आहे. परंतु ज्या संस्थेच्या कार्यामुळे आपल्या घरांतील एक काळीज चिरणारे दुःख कायमचे सरले, ती संस्था आपल्या वेशीच्या आत आहे की सुमारे तीनशे किलोमीटर दूर आहे, या प्रश्नाला कृतज्ञतेच्या हिशेबात फारसे स्थान नसावे. शिवाय हे दुःख इतक्या निमूटपणे सरले की ते कधी होते हेच पुढच्या पिढीला ठाऊक नाही; माझ्या दवाखान्यात उमेदवारीसाठी येणाऱ्या तरुण डॉक्टरांना त्या रोगाचे नाव पुस्तकाच्या तळटिपेतच भेटते. ज्यांनी तो रोग डोळ्यांनी पाहिला ते लोक हयात आहेत तोवर त्याची कैफियत लिहून ठेवणे मला अगत्याचे वाटते.

ज्यांचे वय आज साठीपलीकडे आहे त्यांना 'डबा' या शब्दाचा अर्थ सांगावा लागणार नाही. वर्ष-दीड वर्षाचे, नुकते कुठे दुडूदुडू चालू लागलेले मूल एकाएकी चिरचिरे होई, अन्नावरची त्याची वासना उडे, अंगात बारीक कणकण राही, हातपाय काड्यांसारखे होत आणि पोट मात्र दिवसेंदिवस पुढे येई. न्हाऊ घालताना आईचा हात उजव्या बरगडीखालून फिरला म्हणजे तिच्या बोटांना काहीतरी घट्ट लागे, आणि ती सासूला हळूच म्हणे, "आत्याबाई, हाताला काहीतरी लागतंय." सासूने हात लावून पाहिला की घरात अवकळा पसरे. खेड्यात म्हणत, पोटात डबा झाला. शहरातील शिकलेल्या मंडळींत त्यालाच 'लिव्हर झाले' असे म्हणण्याचा प्रघात होता. डॉक्टर ते यकृत बोटांनी मोजीत, दोन बोटे, तीन बोटे, चार बोटे. आणि त्याची कड झाडाच्या पानाच्या कडेसारखी पातळ, टणक व धारदार लागली म्हणजे पुढचे काही विचारावे लागत नसे. मग डोळे पिवळे होत, पोटात पाणी साठे, पावलांवर सूज चढे, आणि बहुधा वर्षाच्या आत सारे आटोपे. काही घरांत एकामागून एक अशी दोन-दोन, तीन-तीन भावंडे याच रोगाने गेली. मुलींपेक्षा मुलगे अधिक जात, आणि वंशाला दिवा हवा म्हणून नवस बोललेल्या घरावर हा घाला पडला म्हणजे त्याचे दुःख दुणावे.

इलाज काय होते? मद्रासच्या जम्मी वैद्यांच्या 'लिव्हर क्युअर'चे नाव देशभर झाले होते. ज्यांना ते परवडत नसे अथवा ठाऊक नसे, ते गावच्या जाणत्याकडे जात, आणि तो तापलेल्या सळईने पोटावर डाग देई किंवा बिब्बा घाली. त्या चिमुकल्या, ताणलेल्या, चकचकीत पोटावर ओळीने उमटलेले ते काळपट चट्टे मी पाहिले आहेत, आणि ते विसरावे म्हणून पुष्कळ खटाटोप करूनही ते विसरलेले नाहीत. आपल्या तुळजापुरात लोक अशी लेकरे तुळजाभवानी आईच्या पायावर घालण्यासाठी येत. कल्लोळतीर्थावर स्नान करून, ओल्या लुगड्याने, सुजलेले मूल उराशी धरून पायऱ्या उतरणाऱ्या बाया पुजाऱ्यांनीही पाहिल्या आहेत. संस्थानी अमदानीत, म्हणजे १९४८पर्यंत, हा मुलूख निजामाच्या हद्दीत असल्याने इलाजासाठी सोलापूरला जाणे म्हणजे दुसऱ्या राज्यात जाणे असे; परंतु सोलापूरला काय, पुण्याला काय आणि मुंबईला काय, त्या काळी या रोगावर कोणाकडेच औषध नव्हते, आणि तसे सांगणारे डॉक्टर प्रामाणिक होते.

या रोगाची वैद्यकीय दप्तरातील नोंद जुनी आहे. कलकत्त्यात १८८७ साली डॉ. सेन यांनी अर्भकांच्या यकृतकाठिण्याचे वर्णन प्रथम केले, आणि तेव्हापासून जवळजवळ ९० वर्षे या देशातील वैद्यक त्याच्या कारणाचा शोध घेत राहिले. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने त्यासाठी खास उपसमिती नेमली व तिचा वृत्तान्त १९५५ साली प्रसिद्ध झाला. पण कारण हाती लागले नाही. कोणी म्हणत की हा कुपोषणाचा परिणाम आहे. पण अतिदरिद्री घरांपेक्षा खाऊन-पिऊन सुखी अशा ग्रामीण मध्यम घरांतच तो अधिक दिसे. कोणी आईच्या दुधाला दोष देत, आणि त्या दुर्दैवी बाईच्या शोकात अपराधाची भर घालीत. एकाच कुटुंबात तो वारंवार येतो म्हणून कोणी आनुवंशिकतेचे नाव घेत. कोणाला विषाणूचा संशय येई, आणि तो संशय मुळीच अवास्तव नव्हता. १९५५-५६च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेच्या पाण्यात मैला मिसळून काविळीची जी प्रचंड साथ आली, तिने हजारो माणसे पिवळी पडलेली देशाने पाहिली होती. त्या साथीतील जपून ठेवलेले रक्तरस तपासून, ती कावीळ तोवर ज्ञात असलेल्या 'अ' वा 'ब' प्रकारची नव्हती, हे दाखविण्याच्या कार्यात पुण्याच्याच राष्ट्रीय विषाणू संस्थेचा वाटा होता. तो निबंध १९८० सालचा. आज ज्याला आपण हिपॅटायटिस 'ई' म्हणतो त्याच्या ओळखीकडे जाणाऱ्या वाटेवरचा तो एक मोठा टप्पा होय. एकाच शहरात, त्याच सुमारास, यकृताच्या दोन निरनिराळ्या कोड्यांचा उलगडा चालू होता, ही गोष्ट पुण्याच्या इतिहासकारांनी अद्याप पुरेशी मनावर घेतलेली दिसत नाही.

आता संस्थेकडे वळू. के.ई.एम. रुग्णालयाची स्थापना १९१२ सालची. (योगायोग असा की तांब्याचा संचय यकृतात व मेंदूत होऊन उद्भवणाऱ्या ज्या रोगाला विल्सनचा रोग म्हणतात, त्याचे वर्णन लंडनमध्ये किनियर विल्सन यांनी केले तेही १९१२ सालीच. ज्या धातूशी या रुग्णालयाची पुढे गाठ पडायची होती, त्याचा त्या रोगाशी असलेला संबंध मात्र नंतर उलगडला.) डॉ. बानू कोयाजी तेथे १९४४ साली रुजू झाल्या, त्या वेळी ते चाळीस खाटांचे, मुख्यतः बाळंतपणाचे असे लहान रुग्णालय होते. त्यांच्या हयातीत ते पाचशेहून अधिक खाटांचे झाले. परंतु खाटांच्या संख्येत या बाईंचे मोठेपण मोजू नये. १९७२ साली रुग्णालयाला जोडून त्यांनी संशोधन केंद्र उभे केले, आणि त्याच दशकात पुणे जिल्ह्यातील वढू या गावी ग्रामीण आरोग्याचा प्रकल्प सुरू करून, खेड्यातल्या माणसाने दवाखान्यात यावे याची वाट न पाहता दवाखान्यानेच खेड्यात जावे, अशी तजवीज केली. १९९३ साली त्यांना मॅगसेसे पारितोषिक मिळाले ते या कामासाठी. पुण्यासारख्या शहरातील डॉक्टर खेड्यातल्या चुलीपर्यंत जाऊन पोहोचले, आणि तेथे काय शिजते, काय तापते व कशात तापते हे त्यांनी पाहिले, याची पूर्वपीठिका या दृष्टिकोनात आहे. केवळ भव्य इमारतीत व उंची यंत्रांत ती शोधणाऱ्याला ती सापडणार नाही.

बालरोग विभागाची धुरा डॉ. आनंद पंडित यांच्याकडे होती, आणि यकृतविकारांच्या कामात डॉ. शीला भावे त्यांच्या जोडीला होत्या. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यातून 'डबा' झालेली मुले त्यांच्याकडे येत. प्रत्येक मुलाचा इतिहास तपशीलवार टिपून घेण्याची, आणि शक्य असेल तेथे यकृताचा सुईने काढलेला बारीकसा तुकडा तपासण्याची शिस्त त्यांनी ठेवली. हा तुकडा आगपेटीतल्या काडीहूनही बारीक असतो. पण आजारी अर्भकाच्या बरगड्यांमधून तो काढणे हे धीराचे आणि जबाबदारीचे काम आहे, आणि मरणाच्या दारी टेकलेल्या मुलावर आणखी एक सुई टोचू देण्यास आईबापांना राजी करणे त्याहूनही कठीण. सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसे ते विलक्षण होते. पेशींची पडझड, त्यांच्याभोवती तंतूंचे जाळे, आणि पेशींच्या आत साठलेले एक काचेसारखे द्रव्य, जे एरवी वर्षानुवर्षे मद्यपान केलेल्या प्रौढाच्या यकृतात सापडावयाचे. दारूचा थेंबही न पाहिलेल्या, दुधावर वाढलेल्या मुलाच्या यकृतात दारुड्याच्या यकृताची छाया दिसावी, याचा अर्थ एवढाच की काहीतरी विष तेथे रोज, थोडे थोडे, पोहोचत होते.

ते विष कोणते याचा पहिला सुगावा लागला तो एका रंगामुळे. ऑर्सीन नावाचा एक रंग आहे; आपल्या काळ्या मसाल्यात जे दगडफूल पडते त्याच्याच गोत्रातील वनस्पतींपासून तो मूळचा काढीत. यकृताचा पातळ काप या रंगात बुडविला म्हणजे तांबे धरून ठेवणाऱ्या प्रथिनाचे कण गडद तपकिरी होऊन उठून दिसतात. लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयातील पोर्टमन, टॅनर, मोवाट व विल्यम्स या वैद्यांना या भारतीय रोगाच्या कापांत असे कण विपुल आढळले, आणि तसे त्यांनी १९७८ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. त्याच्या पुढच्याच वर्षी, १९७९ साली, त्याच नियतकालिकात जो निबंध आला त्याच्या लेखकांत पुण्याचे डॉ. पंडित होते, आणि गुराढोरांच्या व मेंढ्यांच्या यकृतातील तांब्याचे जाणकार असे स्कॉटलंडच्या ॲबर्डीन येथील मिल्स व ब्रेमनर हेही होते. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम कोरड्या भागात तांबे साधारणतः ५० मायक्रोग्रॅमच्या आत असते. या मुलांच्या यकृतात ते ८००च्या वर, कित्येकदा हजारांच्या घरात निघाले. ज्यांना तांबे बाहेर टाकता येत नाही अशा विल्सनच्या रोग्यांच्या यकृतातही कित्येकदा इतके तांबे सापडत नाही. मेंढीला तांब्याची बाधा चटकन होते हे पशुवैद्यांना पूर्वीपासून ठाऊक होते. माणसाच्या लेकराबद्दल तो प्रश्न विचारण्याची वेळ आता आली.

तांबे आहे, पण ते आले कोठून? या प्रश्नावर पंडित-भावे-टॅनर यांनी जे केले ते माझ्या मते या साऱ्या इतिहासाचे हृद्गत आहे. प्रयोगशाळा बाजूला ठेवून त्यांनी आयांच्या जबान्या घेतल्या. अंगावरचे दूध केव्हा कमी झाले, वरचे दूध कितव्या महिन्यात सुरू केले, ते गाईचे की म्हशीचे, त्यात पाणी घालता का, दिवसातून किती वेळा तापवता, आणि कशात. या शेवटच्या दोन शब्दांचा प्रश्न त्यापूर्वी कोणी नेटाने विचारला नव्हता. उत्तर येई: पितळेच्या पातेल्यात. तापवून झाल्यावर ठेवता कशात? त्याच पातेल्यात, किंवा चरवीत. किती वेळ? सकाळपासून रात्रीपर्यंत, आणि उन्हाळ्यात नासू नये म्हणून मध्ये दोन-तीनदा पुन्हा उकळून. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. बाळाच्या वाटीत रोज कोठून काय उतरत होते, हे त्या एका शब्दात उघडे पडले.

येथे थोडे थांबून आपल्या स्वयंपाकघराकडे पाहिले पाहिजे. पितळेच्या भांड्यात आंबट ठेवू नये, ताक, चिंच, आमसूल ठेवले तर ते कळकते, हे आपल्या आज्या-पणज्यांना पक्के ठाऊक होते. या अनुभवासाठी मराठीत 'कळकणे' हे क्रियापदच आहे. कळकलेल्या ताकाला हिरवट झाक येते, जिभेवर ते तुरट लागते, पोटात मळमळते. म्हणून गृहिणी ते ओतून देई आणि भांड्याला कल्हई लावून घेई. कल्हईवाला दारी आला म्हणजे आम्हा मुलांची पर्वणी असे. तो अंगणात खड्डा खणून भाता पुरी, निखारे फुलवी, भांडे लालसर होईपर्यंत तापवून त्यात नवसागराची चिमूट टाकी, त्यासरशी पांढऱ्या धुराचा लोट उठे; मग कथलाची कांडी नुसती टेकवून तो कापसाच्या बोळ्याने भांड्याच्या आतून असा काही हात फिरवी की पिवळे भांडे क्षणात रुपेरी होई. पण कल्हई झिजते. राख-मातीने रोज घासल्या जाणाऱ्या भांड्यातून ती काही महिन्यांत उडते. कथील महाग, आणि बाहेरचे भांडे झळझळीत दिसत असले म्हणजे आतली कल्हई गेली याची निकड भासत नसे. आणि दूध तर आंबट नव्हे. ते कळकत नसे, हिरवे पडत नसे, त्याची चव बदलत नसे. ज्या जाणतेपणाने आपल्या बायकांनी ताकाची बाधा ओळखली, त्या जाणतेपणाला दुधाने कोणतीच खूण दिली नाही. बाळाला ताक पाजीत असते तर आईने ते पहिल्या घोटालाच ओळखून टाकून दिले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

दूध हे का करते याचाही उलगडा झाला. ओनील व टॅनर यांनी १९८९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत पितळी भांड्यातले तांबे दूध कसे उचलते ते दाखविले: पाण्यात फार थोडे तांबे उतरते, पण दुधातील केसीन हे प्रथिन तांब्याला चिकटवून घेते, त्यामुळे भांड्यातून ते सतत ओढले जाते आणि दुधात मिसळून राहते. त्यात नवजात अर्भकाच्या यकृतात निसर्गतःच प्रौढापेक्षा तांब्याचा साठा अधिक असतो, आणि ते पित्तावाटे बाहेर टाकण्याची त्याची शक्ती अजून पुरती आलेली नसते. आईच्या दुधात तांबे अल्प असते. म्हणून जे मूल पहिले काही महिने केवळ अंगावर पीत असे ते वाचे, आणि ज्याला दोन-तीन महिन्यांतच वरचे दूध लागे त्याच्यावर संकट येई.

नुसत्या जबान्यांवर निकाल देणे शास्त्राला मान्य नसते. रुजुवात घालावी लागते. म्हणून रोगी मुलाच्या वयाची व तशाच परिस्थितीतील निरोगी मुले निवडून त्यांच्या आयांनाही तेच प्रश्न विचारण्यात आले. १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये व पुढे १९८७ साली सविस्तर प्रसिद्ध झालेल्या या तुलनेत असे दिसले की रोगी मुलांच्या घरी वरचे दूध फार लवकर सुरू झाले होते, आणि ते पितळेच्या भांड्यात तापविण्या-ठेवण्याची चाल निरोगी मुलांच्या घरांपेक्षा पुष्कळच अधिक होती. इतकी वर्षे न सुटलेल्या कितीतरी गाठी या एका धाग्याने सुटू लागल्या. अतिगरिबाच्या घरी मडके अथवा 'जर्मन'चे, म्हणजे ॲल्युमिनियमचे, भांडे, आणि गाय-म्हैस नाहीच. शहरी श्रीमंताच्या घरी स्टेनलेस स्टील लवकर आले. उरला तो गावातला बेताचा सुखवस्तू, गोठ्यात दुभते असलेला, देवाब्राह्मणाला मानणारा, पितळेची भांडी लख्ख ठेवणारा संसार. मुसलमान व ख्रिस्ती घरांत हा रोग विरळ आढळे, हीही जुनी नोंद होती. आणि एकाच घरात भावंडांमागून भावंडे का जात? रक्त एक होते हे खरे. पण पातेलेही एकच होते.

कारण सापडले म्हणजे रोग बरा झाला असे नव्हे. विल्सनच्या रोगावर ब्रिटिश वैद्य जॉन वॉल्श यांनी १९५६ साली पेनिसिलामिन हे औषध वापरात आणले होते. पेनिसिलिनच्या विघटनातून मिळणारे हे द्रव्य तांब्याला धरते आणि लघवीवाटे बाहेर नेते. पुण्याच्या विभागाने ते या मुलांना देऊन पाहिले, आणि देऊन पाहिले म्हणजे मनाला वाटले तसे नव्हे, तर तुलनेसाठी गट पाडून, नियमाने नोंदी ठेवून. या प्रयोगांचा वृत्तान्त १९८७ साली प्रसिद्ध झाला. त्यातून जो निष्कर्ष निघाला तो आशेचा होता आणि कठोरही होता: कावीळ दिसण्यापूर्वी औषध सुरू झाले तर मूल वाचण्याची शक्यता पुष्कळ वाढते, कावीळ होऊन पोटात पाणी झाल्यावर औषधाचा उपयोग फारसा होत नाही. म्हणजे सारा भार पुन्हा त्या न्हाऊ घालणाऱ्या हातावर येऊन पडला. जिच्या बोटांना ते घट्टपण पहिल्या आठवड्यात लागले आणि जिने तेव्हाच एस.टी.चे तिकीट काढले, तिचे मूल घरी परतण्याचा संभव होता.

परतलेल्या मुलांचा मागोवा घेणे हे या संस्थेच्या कामाचे मला सर्वांत आवडते प्रकरण आहे. डॉ. प्रधान, डॉ. व्ही. व्ही. जोशी, डॉ. आशिष बावडेकर हे तोवर या कामात सामील झाले होते. उपचार झालेल्या मुलांच्या यकृताचे काप पुन्हा तपासले असता तंतूंचे जाळे विरळ झालेले, काही ठिकाणी यकृत जवळजवळ पूर्ववत झालेले दिसले. हा निबंध १९९५ सालचा. यकृतकाठिण्य एकदा आले की परतत नाही, असे आम्हाला महाविद्यालयात शिकविले होते. त्या शिकवणुकीला या कापांनी धक्का दिला. पुढच्या वर्षी, १९९६ साली, वर्षानुवर्षे जगलेल्या २९ मुलांचा वृत्तान्त आला. ही मुले शाळेत जात होती, त्यांची वाढ नीट होत होती, आणि त्यांना कोणतेही औषध लागत नव्हते. विल्सनच्या रोग्याला जन्मभर औषध घ्यावे लागते. या मुलांचे औषध थांबविले तरी तांबे परत साठले नाही. दोष शरीरात कायमचा मुरलेला नव्हता, तो बाहेरून येत होता, याचा याहून बोलका दाखला कोणता असावा?

या उपपत्तीला आक्षेप नव्हते असे नाही. उत्तरेकडील काही वैद्यांना पितळी भांड्यांचा इतिहास सर्व रोग्यांत आढळला नाही. आणि त्याच पातेल्यातले दूध पिऊन हजारो मुले सुखरूप वाढली, ही गोष्टही नाकारण्याजोगी नव्हती. तेव्हा काही घराण्यांत तांब्याविषयी अंगभूत नाजूकपणा असावा व त्यावर भांड्यातील तांब्याची भर पडत असावी, असा समतोल विचार आज बहुतेक जाणकार मान्य करतात, आणि मलाही तोच सयुक्तिक वाटतो. या विचाराला अनपेक्षित साक्ष मिळाली ती ऑस्ट्रियाच्या आल्प्स पर्वतातून. टायरोल प्रांताच्या खेड्यांतून १९०० ते १९७४ या काळात अशाच यकृतकाठिण्याने १३८ अर्भके दगावल्याचे म्युलर प्रभृतींनी १९९६ साली 'लॅन्सेट'मध्ये नोंदविले. तेथे गाईचे दूध कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यांत तापवीत. भांडी बदलली आणि रोग नाहीसा झाला. ज्याला शंभर वर्षे 'भारतीय' म्हणून ओळखले, त्या रोगाला भारतीयत्व नव्हते; त्याचे नाते एका धातूशी आणि एका चालीशी होते.

आता जे लिहावयाचे ते संस्थेच्या गौरवाला किंचित उणे आणणारे वाटेल, तरी ते लिहिले पाहिजे, कारण त्या संस्थेतील माणसांनीही ते कधी लपविले नाही. रोग गेला तो केवळ त्यांच्या उपदेशाने गेला नाही. पितळेच्या भांड्यांत दूध ठेवू नका, पुढच्या बाळाला अंगावर अधिक दिवस पाजा, हे रोगी मुलांच्या आईबापांना त्यांनी कळकळीने सांगितले, आणि प्रतिबंधाविषयीचा त्यांचा निबंध १९९२ साली प्रसिद्ध झाला. पण त्याच दशका-दोन दशकांत खेडोपाडी स्टेनलेस स्टील येऊन पोहोचले होते. जुन्या लुगड्यांवर भांडी देणारी बोहारीण दारी येऊ लागली. कासाराकडे पितळ मोडीत घालून त्या पैशांत पातेली, डबे, पेले घेण्याची टूम निघाली. लग्नाच्या रुखवतात पितळी घागरींच्या जागी स्टीलचा पिंप मांडला जाऊ लागला. आपल्या आजीची जड चरवी मोडीत देताना डोळ्यांत पाणी आणणाऱ्या सुनांना आपण काय करीत आहोत याची कल्पना नव्हती. एकविसावे शतक उजाडले तेव्हा हा रोग इतका दुर्मीळ झाला होता की विद्यार्थ्यांना दाखविण्यासाठी प्राध्यापकांना त्याचा रोगी मिळेना. तथापि पुण्याचे काम झाले नसते तर तो का आला आणि का गेला, हे कोणालाच कळले नसते. आणि जे कळत नाही ते परत येऊ शकते.

हे शेवटचे वाक्य मी वाऱ्यावर लिहिलेले नाही. गेल्या काही वर्षांत तांब्या-पितळेची आवड पुन्हा वाढीस लागली आहे. आपल्या मंदिराकडे जाणाऱ्या रस्त्यावरील दुकानांत देवीच्या टाकांशेजारी आता तांब्याच्या बाटल्या, पितळेचे पेले, ठोक्याची पातेली चमकताना दिसतात, आणि यात्रेकरू ती हौसेने नेतात. तांब्याच्या भांड्यात पाणी ठेवण्याला माझी हरकत नाही. पाणी तांबे फारसे उचलत नाही हे वर आलेच आहे. परंतु ज्या घरात तान्हे मूल आहे तेथे बिनकल्हईच्या पितळेत वा तांब्यात दूध तापविणे किंवा ठेवणे सर्वथा वर्ज्य आहे, एवढे त्या दुकानदारांनीही गिऱ्हाइकाला सांगावे, अशी माझी त्यांना हात जोडून विनंती आहे.

माझ्या दवाखान्यातील लहान मुलांच्या कागदावर 'दूध' या शब्दापुढे दोन रकाने आहेत, एक 'कोणते' आणि दुसरा 'कशात'. दुसऱ्या रकान्यात बहुतेक वेळा 'स्टील' असेच लिहावे लागते, आणि मदतनीस मुली विचारतात की हा रकाना अजून कशाला ठेवला आहे. मागच्या चैत्रात एक आजी सात महिन्यांच्या नातवाला खोकल्यासाठी घेऊन आली होती. दूध कशात तापवता, असे विचारल्यावर ती जरा अभिमानानेच म्हणाली, "नवी पितळेची कासंडी घेतली ना मागल्या पुनवेला, आईच्या दारातूनच." मी कागद बाजूला सारला, तिला खुर्चीवर बसविले, आणि ही सारी हकिकत तिला प्रथमपासून सांगितली. ऐकता ऐकता तिने मुलाच्या अंगरख्याखाली हात घातला आणि उजव्या बरगडीखाली तो हलकेच फिरवून पाहिला.